वाचकाचा बहिष्कार आणि पंचांचा बहिष्कार

वृत्तपत्र ही वस्तू मोठी विलक्षण आहे. रोज सकाळी ती पैसे देऊन घ्यावयाची, तासाभरात वाचून बाजूला ठेवावयाची आणि महिनाअखेर तिची रद्दी व्हावयाची. तरीही धान्याच्या किंवा कापडाच्या व्यापाऱ्याशी जे नाते जडत नाही, ते वृत्तपत्राशी जडते. वाण्याने किडकी डाळ दिली तर गिऱ्हाईक दुकान बदलते आणि विषय तेथेच संपतो. परंतु वृत्तपत्राने एखाद्या समाजाविषयी काही छापले आणि ते त्या समाजाच्या जिव्हारी लागले, तर केवळ गिऱ्हाईक तुटून भागत नाही. सभा भरतात, ठराव होतात, आणि हे पत्र आजपासून आपल्या घरात येता कामा नये, असा निर्णय जाहीर होतो. हा झाला वृत्तपत्रावरील बहिष्कार.

असा बहिष्कार योग्य की अयोग्य, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. पैसे वाचकाचे, घर वाचकाचे. त्याने काय वाचावे आणि काय वाचू नये, हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला असणार? एवढे म्हटले की वाद मिटला, असे पुष्कळांना वाटते. तथापि इतिहास असा सांगतो की, बहिष्कार या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी वावरत असतात. एकीत वाचक आपल्या मनाने पत्र सोडतो. दुसरीत त्याने ते सोडावे, असे त्याला फर्माविले जाते आणि न सोडल्यास त्याला शिक्षा होते. पहिला वाचकाचा बहिष्कार, दुसरा पंचांचा. या दोहोंमधील भेद ओळखणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

हा भेद समजून घेण्यास वडोदरा, म्हणजेच मराठी माणसाचे बडोदे, हे शहर फार उपयोगी पडते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १९३३ साली, बडोदे संस्थानात ज्ञातित्रास निवारणाचा कायदा झाला. ज्ञातीच्या पंचांनी व्यक्तीला वाळीत टाकून तिचा जो छळ करावयाचा, त्याला कायद्याने आळा घालण्याचा तो प्रयत्न होता. या कायद्याचा वृत्तपत्रांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु ज्या शक्तीच्या बळावर पंच माणसाचे जेवणखाण, सोयरीक आणि अंत्यविधी अडवून धरीत, त्याच शक्तीच्या बळावर त्यांना त्याचे लिहिणे आणि वाचणेही अडविता येत असे. आणि ही केवळ कल्पना नसून घडलेली गोष्ट आहे.

इंग्रजीतील 'बॉयकॉट' हा शब्द अलीकडचा. आयर्लंडमधील मेयो परगण्यात चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट नावाचा एक निवृत्त कॅप्टन एका बड्या जमीनदाराच्या जमिनीची व्यवस्था पाहत असे. १८८० साली खंडाच्या प्रश्नावरून कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. मजुरांनी त्याचे पीक कापण्याचे नाकारले, दुकानदारांनी माल देण्याचे नाकारले. त्या गृहस्थाचे आडनावच पुढे जगभर क्रियापद म्हणून रूढ झाले. या शस्त्राचे वैशिष्ट्य असे की, ते दुर्बलांनी बलिष्ठावर उगारले होते.

आपल्याकडील 'बहिष्कार' हा शब्द त्याहून कितीतरी जुना आणि त्याची दिशाही नेमकी उलट. बहिष्कार म्हणजे बाहेर घालविणे. ज्ञातीने एकट्यादुकट्याला पंक्तीतून उठविणे. येथे शस्त्र समूहाच्या हाती असते आणि घाव एकट्यावर पडतो. १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीच्या चळवळीत लोकमान्य टिळकांनी बहिष्कार हा शब्द विलायती मालाविरुद्धच्या लढ्यासाठी मराठी मनात रुजविला, तेव्हा त्याला आयरिश अर्थ मिळाला. पण त्याचा जुना अर्थ त्यामुळे पुसला गेला नाही. आजही मराठीत हा शब्द उच्चारला की दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. पुष्कळ गोंधळाचे मूळ येथेच आहे.

वृत्तपत्राला बहिष्कार नेमका कोठे लागतो, हेही पाहिले पाहिजे. वृत्तपत्राचा संसार वर्गणीदार, विक्रेता, जाहिरातदार आणि बातमी देणारा या चार आधारांवर उभा असतो. वर्गणीदार तुटला तर उत्पन्न घटते, पण त्याहून अधिक घटते ते जाहिरातीचे मोल. कारण जाहिरातदार वाचकांची संख्या पाहून पैसे देतो. विक्रेत्याने गठ्ठा उचलण्याचे नाकारले तर ज्याला पत्र हवे आहे त्यालाही ते मिळत नाही. आणि समाजाने बातमी देण्याचेच बंद केले, सभेला वार्ताहर नको, मुलाखत नको, असे ठरविले, तर त्या समाजापुरते पत्र आंधळे होते. यांपैकी पहिल्या आघातात वाचक स्वतःपुरता निर्णय घेतो. दुसऱ्यात तो दुसऱ्याच्या वाटेवर येऊन उभा राहतो. बहिष्कार करणाऱ्यांनी हा फरक प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

या विषयावरील आपल्याकडील सर्वांत बोधप्रद प्रकरण मुंबईत घडले आणि त्याचे धागेदोरे गुजरातभर पसरलेले होते. ते म्हणजे 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्राचे आणि त्याचे संपादक करसनदास मूळजी यांचे. करसनदास हे कपोळ वाणी ज्ञातीतले, वैष्णव कुटुंबातले. त्यांचा जन्म १८३२ सालचा, शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेतले. विधवाविवाहावर निबंध लिहिला, एवढ्याच कारणावरून, ज्या आप्त स्त्रीने त्यांना लहानाचे मोठे केले तिने त्यांना घराबाहेर काढले. १८५५ साली त्यांनी 'सत्यप्रकाश' सुरू केले. वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांचे आचरण धर्माला शोभणारे नाही, आणि भाविकांच्या श्रद्धेचा, विशेषतः स्त्रियांच्या श्रद्धेचा, गैरफायदा घेतला जात आहे, असे ते या पत्रातून निर्भयपणे लिहू लागले.

यावर महाराजांच्या बाजूने जो उपाय योजला गेला, तो वृत्तपत्राच्या इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८५९ च्या सुमारास मुंबईतील मंदिरांची दारे बंद करण्यात आली. ज्या भाविकांना दर्शनावाचून अन्नग्रहण वर्ज्य होते, त्यांच्यावर याचा काय परिणाम झाला असेल, हे सांगावयास नको. दारे उघडावीत म्हणून वैष्णवांच्या पुढाऱ्यांकडून एका लेखी करारावर सह्या घेण्यात आल्या. महाराजांना न्यायालयात हजर राहावे लागू नये यासाठी खटपट करावी, आणि कोणाही वैष्णवाने महाराजांविरुद्ध लिहू नये, लिहिल्यास त्याचा ज्ञातीने बंदोबस्त करावा, असा त्याचा आशय होता. करसनदासांनी या कराराला 'गुलामीखत' असे नाव दिले आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखा आहे. त्या काळी देशी भाषेतील पत्रांचे वर्गणीदार शेकड्यांत मोजले जात. नाराज वैष्णवांनी 'सत्यप्रकाश'ची वर्गणी बंद केली असती, तर तो त्यांचा हक्कच होता आणि त्यात कोणाला बोलावयास जागा नव्हती. परंतु तेवढ्यावर भागणार नाही, हे पुढाऱ्यांना ठाऊक होते. वर्गणी बंद केली तरी दुसऱ्याच्या हातातील अंक वाचता येतो; तो वाचला की शंका येते, आणि शंका आली की मनुष्य विचारू लागतो. म्हणून घाव पत्रावर न घालता लिहिणाऱ्यावर घालण्यात आला. पत्र विकत घेऊ नका, एवढेच सांगणारा बहिष्कार वाचकाचा असतो. लिहिणाऱ्याला पंक्तीतून उठवा, असे सांगणारा बहिष्कार पंचांचा होतो. गुलामीखत हा दुसऱ्या जातीचा बहिष्कार होता.

१८६० साली सुरतेचे जदुनाथजी महाराज मुंबईस आले. विधवाविवाहाच्या प्रश्नावर कवी नर्मद यांच्याशी त्यांचा जाहीर वादही झाला. त्याच वर्षी, २१ ऑक्टोबरच्या अंकात, करसनदासांनी हिंदूंचा मूळ धर्म आणि सांप्रतची पाखंडी मते या विषयावर लेख लिहिला आणि त्यात जदुनाथजींचा नावानिशी उल्लेख केला. महाराजांनी १८६१ च्या मे महिन्यात संपादक करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुद्रक पारशी होते, ही गोष्ट लहान दिसली तरी महत्त्वाची आहे. वैष्णव ज्ञातींच्या पंचांचा हुकूम त्यांच्यावर चालत नव्हता. एका समाजाच्या बहिष्काराबाहेर असलेला मनुष्य पाठीशी असल्याखेरीज असे पत्र छापले जाणेच कठीण होते.

दावा लागल्यावर ज्ञातीची शक्ती पुन्हा उभी राहिली. १८६१ च्या सप्टेंबरात भाटिया ज्ञातीची सभा भरली आणि महाराजांविरुद्ध कोणीही साक्ष देऊ नये, देईल त्याला ज्ञातीबाहेर टाकण्यात येईल, असे ठरले. आजच्या शहरी वाचकाला ज्ञातीबाहेर होणे म्हणजे काय, याची पुरती कल्पना येणे कठीण आहे. मुलीचे लग्न जमत नाही. घरात मृत्यू झाला तर खांदा द्यावयास माणूस मिळत नाही. व्यापारी ज्ञातीत तर पतही जाते, कारण उधारी आणि हुंडी दोन्ही ओळखीवर चालतात. एका वाक्याच्या साक्षीसाठी इतकी किंमत देण्यास किती माणसे धजतील?

करसनदासांनी या ठरावाविरुद्ध न्यायालयात तक्रार केली. हे प्रकरण 'भाटिया कटाचा खटला' म्हणून प्रसिद्ध आहे. साक्षीदारांना धाक घालून न्यायाच्या मार्गात अडथळा आणण्याचा हा कट आहे, असे न्यायालयाने मानले आणि १८६१ च्या डिसेंबरात नऊ जणांना दोषी ठरविले. दोघा मुख्य पुढाऱ्यांना प्रत्येकी एक हजार आणि इतरांना प्रत्येकी पाचशे रुपये दंड झाला. कोणी कोणते पत्र वाचावे किंवा वाचू नये, याविषयी न्यायालयाने काही सांगितले नाही, ते त्याचे कामही नव्हते. खरे बोलणाऱ्याला वाळीत टाकण्याची धमकी हा अपराध आहे, एवढेच त्याने सांगितले. पण तेवढ्यानेच पुढील साक्षीदारांचा मार्ग मोकळा झाला.

मुख्य दाव्याची सुनावणी १८६२ च्या जानेवारीअखेर सुरू होऊन मार्चच्या आरंभापर्यंत चालली. न्यायासनावर सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड होते. मराठी समाजाचे भूषण असलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी करसनदासांच्या बाजूने वैद्यकीय साक्ष दिली. ज्यांना न्यायालयाचा उंबरठा ओलांडावा लागू नये म्हणून गुलामीखत लिहविले गेले होते, त्याच परंपरेतील जदुनाथजींनाही साक्षीसाठी उभे राहावे लागले. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. लेखातील मुख्य आरोप खरे आहेत, हा करसनदासांचा बचाव ग्राह्य ठरला आणि त्यांना ११,५०० रुपये खर्चापोटी देण्याचा हुकूम झाला. जे नीतीच्या दृष्टीने चूक ते धर्माच्या दृष्टीने बरोबर ठरू शकत नाही, आणि वृत्तपत्रकार हा लोकशिक्षक असतो, अशा आशयाचे विचार न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आपल्या निकालपत्रात मांडले. पत्रकार लोकशिक्षक असेल तर वाचकाने त्याला प्रश्न विचारावेत, त्याच्याशी वादही घालावा; परंतु त्याला उपाशी ठेवून गप्प बसविणे हे काही वादाचे उत्तर नव्हे.

न्यायालयात जिंकलेल्या माणसाला समाजात मात्र पुढेही झुंजावे लागले. १८६३ साली व्यापारानिमित्त करसनदास विलायतेस गेले. समुद्र ओलांडल्याचे निमित्त होऊन ज्ञातीचा बहिष्कार त्यांच्या वाट्यास आला. पुढे ते काठेवाडात संस्थानी कारभारात अधिकारी झाले आणि १८७१ साली लिंबडी येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. 'सत्यप्रकाश' त्याआधीच दादाभाई नौरोजींनी स्थापिलेल्या 'रास्त गोफ्तार' या पत्रात विलीन झाले होते. पत्राचे नाव गेले, पण त्याने विचारलेला प्रश्न गेला नाही.

तो प्रश्न कायद्याच्या मार्गाने सोडविण्याचा प्रयत्न सात दशकांनंतर बडोद्याने केला. १९३३ च्या कायद्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. सयाजीरावांनी विधवाविवाह, बालविवाह, घटस्फोट या विषयांवर कायदे केले होते. पण प्रत्येक सुधारणेच्या वाटेवर शेवटी एकच पहारेकरी उभा असे, आणि तो म्हणजे ज्ञातीच्या बहिष्काराची भीती. विधवेने पुनर्विवाह करावा, असे कायदा म्हणतो. पण लग्नाला येणाऱ्याला पंच वाळीत टाकणार असतील तर कायद्याचा उपयोग काय? तेव्हा सुधारणेचे रक्षण करावयाचे तर प्रथम या पहारेकऱ्याच्या हातातील काठी काढून घेतली पाहिजे, हे बडोद्याने ओळखले.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई राज्याने बहिष्कृतीला प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. धार्मिक कारणासाठी सदस्याला समाजाबाहेर काढणे हा धर्मव्यवस्थेचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत विरुद्ध होते. तो वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. २०२३ साली हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. महाराष्ट्राने मात्र २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. जातपंचायतीने किंवा समूहाने एखाद्याला वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

बडोद्याची आणखी एक देणगी या प्रश्नाशी निगडित आहे. ती म्हणजे तेथील वाचनालये. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. गावाने एक वाटा उचलावयाचा, पंचायतीने तितकाच आणि सरकारने तितकाच, अशा रीतीने गावोगावी वाचनालये उभी राहिली. त्यांत वृत्तपत्रे येत आणि ज्यांना वर्गणी परवडत नसे ते तेथे बसून ती वाचीत. अशा वाचनालयातील एखादे पत्र कोणाला खटकले, तर त्याने काय करावे? आपण ते न वाचणे हा त्याचा अधिकार आहे. परंतु ते मेजावरून उचलून फेकून देण्याचा किंवा गावच्या सभेत ठराव करून बंद करण्याचा अधिकार त्याला नाही, कारण त्या मेजावर बसणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर सारखाच हक्क आहे. आपल्या घरचे पत्र बंद करणे वेगळे आणि सार्वजनिक मेजावरचे पत्र बंद करणे वेगळे.

आतापर्यंत समाज पत्रावर बहिष्कार टाकतो, त्याचा विचार झाला. पत्रच समाजावर बहिष्कार टाकते, असेही घडते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात, पैसे घेऊनही, छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. याच आंबेडकरांना १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीने परदेशी शिक्षण मिळाले होते, आणि १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्यास आले तेव्हा त्याच शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळाली नव्हती. ज्याला घरात जागा नाही, त्याला वृत्तपत्राच्या रकान्यातही जागा नाही, असा हा दुहेरी बहिष्कार होता. १९२७ साली त्यांनी काढलेल्या दुसऱ्या पत्राचे नावच 'बहिष्कृत भारत' होते. जे पत्र आपला शब्द छापीत नाही त्यावर रागावून थांबण्यापेक्षा आपले पत्र काढणे, हे त्यांचे उत्तर होते. बडोद्यातही हा मार्ग चोखाळला गेला होता. भगवंतराव पाळेकर यांनी १९१७ साली तेथे 'जागृती' साप्ताहिक सुरू केले आणि सत्यशोधकी विचारांचे ते पत्र सुमारे तीन दशके चालविले.

वाचकाचा बहिष्कार न्याय्य रीतीने चालला तर त्याचे स्वरूप कसे असते, याचे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण इंग्लंडमधील लिव्हरपूल या शहराचे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानात फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी भयंकर चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांपैकी अखेर सत्त्याण्णव जण तीत प्राणास मुकले. चारच दिवसांनी 'द सन' या लंडनच्या दैनिकाने पहिल्या पानावर असे छापले की, याच प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर हात टाकला. हे धादांत असत्य होते. ज्यांच्या घरी प्रेते आली होती, त्यांच्याच माथी चोरीचा कलंक लावला गेला. शहराने ते पत्र सोडले. वाचकांनी घेणे बंद केले आणि पुष्कळ विक्रेत्यांनी ठेवणे बंद केले.

या बहिष्कारामागे कोणतेही पंच नव्हते. बाप पत्र घेईनासा झाला, ते पाहून मुलगा घेईनासा झाला आणि ही गोष्ट परंपरेने पुढे चालली. २०१२ साली स्वतंत्र चौकशी मंडळाचा अहवाल आल्यावर त्या पत्राने पहिल्या पानावर क्षमा मागितली. २०१६ साली ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा ठरवून प्रेक्षकांना निर्दोष म्हटले. तरीही शहराचे मन वळले नाही. तेवीस वर्षांनी मागितलेली क्षमा फार उशिरा आली, असे तेथील लोकांना वाटले असल्यास नवल नाही. संपादकांनी यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. चूक छापली जाणे दैवाधीन असेल, पण ती दुरुस्त करण्यास किती दिवस लावावयाचे, हे सर्वस्वी आपल्या हाती असते.

करसनदासांचे पत्र आणि लंडनचे हे पत्र यांची तुलना केली म्हणजे एक गोष्ट उघड होते. पहिल्यावर कोप झाला तो त्याने खरे छापले म्हणून. दुसऱ्यावर कोप झाला तो त्याने खोटे छापले म्हणून. दोन्ही ठिकाणी समाजाच्या भावना सारख्याच दुखावल्या होत्या. तेव्हा भावना दुखावल्या, एवढ्यावरून बहिष्काराचा न्याय ठरत नाही. जे छापले ते खरे की खोटे, हे आधी पाहावे लागते.

ते पाहण्याचा एक चांगला मार्ग बडोद्यातील नागरिकांनी दाखविला आहे. २००२ सालच्या दंगलींच्या काळात गुजराती दैनिकांतील बातम्यांविषयी तीव्र तक्रारी होत्या. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेची वडोदरा शाखा आणि शांती अभियान यांनी त्या काळातील अंक समोर ठेवून मथळे, बातम्या आणि त्यांमागील वस्तुस्थिती यांची छाननी केली व वृत्तपत्रांच्या कामगिरीवर अहवाल प्रसिद्ध केला. संतापाच्या भरात गठ्ठे जाळणे सोपे असते. तेच गठ्ठे जपून ठेवून ओळ न् ओळ तपासणे कष्टाचे असते. परंतु जाळलेल्या अंकातून पुरावा उरत नाही, आणि तपासलेल्या अंकातून तो कायमचा उरतो.

सामान्य वाचकालाही असा मार्ग मोकळा आहे. आक्षेपार्ह मजकुराविषयी प्रथम संपादकाला लेखी कळवावे, दुरुस्ती मागावी. तिची दखल घेतली गेली नाही, तर १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत ती मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. परिषद पत्राला समज देऊ शकते, त्याचा निषेध नोंदवू शकते. दंड मात्र करू शकत नाही. हा अधिकार तोकडा आहे, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. पण अधिकृत निषेधाने सत्य काय होते, याची नोंद राहते, आणि वाचकाला आपला निर्णय घेण्यास आधार मिळतो.

तेव्हा बहिष्काराची कसोटी कोणती? पहिली, कारणाची: पत्राने असत्य छापले म्हणून ते सोडले जात आहे, की अडचणीचे सत्य छापले म्हणून? दुसरी, स्वातंत्र्याची: समाजातील ज्याला ते पत्र वाचावयाचे असेल, तो उद्याही ते उघडपणे हातात घेऊन चौकात उभा राहू शकतो काय, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात त्यामुळे कोणी जेवावयाचे थांबणार नाही ना? तिसरी, परतीच्या दाराची: पत्राने चूक सुधारली तर वाचक परत येईल, असे त्याला सांगितले आहे काय? या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळत असेल, तर बहिष्कार हे नागरिकाचे सभ्य शस्त्र आहे. दुसऱ्या प्रश्नाचेच उत्तर नकारार्थी असेल, तर पहिले कितीही चांगले असो, तो बहिष्कार वाचकाचा राहिलेला नाही.

हा विचार जुना झाला, असे कोणी समजू नये. करसनदासांच्या खटल्यावर आधारलेला 'महाराज' हा चित्रपट २०२४ च्या जून महिन्यात प्रदर्शित होणार होता. तेव्हा वैष्णव भाविकांच्या अर्जावरून गुजरात उच्च न्यायालयाने त्याला तात्पुरती मनाई केली, त्याविरुद्ध बहिष्काराच्या घोषणाही झाल्या. काही दिवसांनी न्यायालयाने तो स्वतः पाहून मनाई उठविली. ज्याला पाहावयाचा होता त्याने तो पाहिला. ज्याला नको होता त्याने पाहिला नाही. १८६१ साली मुंबईत जे एका साक्षीदाराला मिळविण्यासाठी खटला लढवावा लागला, ते एवढेच होते: आपल्या समाजात राहून आपल्या मनाप्रमाणे वाचण्याचा, बोलण्याचा आणि नाही म्हणण्याचाही अधिकार.